डबा ज्याने बंद केला, त्याला कोर्टात उभं करा

प्रति,
अन्न सुरक्षा आयुक्त, कर्नाटक राज्य,
तसेच महाराष्ट्र आणि गोवा राज्यांचे अन्न सुरक्षा आयुक्त यांस,

सप्रेम नमस्कार.

मी बेळगावात, शहापूर भागात किराणा दुकान चालवतो. आजोबांनी दुकान घातलं, वडिलांनी वाढवलं, आणि गेली 26 वर्षं गल्ल्यावर मी बसतोय. घरगुती गिऱ्हाईक आहेच, पण लग्नसराईत वडगाव, अनगोळ, येळ्ळूर, कडोली या बाजूच्या आचाऱ्यांचा माल माझ्याकडून जातो. तांदूळ, डाळ, तेल, मसाला, आणि अलीकडे डबाबंद मटार, मशरूम, स्वीटकॉर्न. पूर्वी आमच्या पंगतीत डब्यातली भाजी नव्हती. आता पावसाच्या तोंडावरच्या लग्नातसुद्धा पुलावात मटार लागतो, आणि तो डब्यातूनच येतो.

डबाबंद भाजीत भेसळ करणाऱ्या उत्पादकांवर फौजदारी खटले भरा, एवढं मागायला हे पत्र लिहितोय. पण या प्रकरणात माझ्याही हातून एक चूक झाली आहे. ती आधी सांगतो.

दोन वर्षांपूर्वी, जून संपत आला होता, शेवटचे मुहूर्त राहिले होते. येळ्ळूरच्या एका आचाऱ्याने माझ्याकडून मटाराचे 800 ग्रॅमचे 24 डबे नेले. दुसऱ्या दिवशी सकाळी मी शटर वर करतोय तोवर ते टेम्पो घेऊन दारात हजर. 2 डबे फोडलेले, 22 तसेच. म्हणाले, "सावकार, हे बघा की. तीनदा धुतलं, तरी पाणी हिरवंच सुटतंय. हे मी माणसांना वाढू?"

मी स्टीलच्या वाटीत मटार काढला. पाणी पोपटी नव्हतं, हिरव्या शाईची दौत कलंडावी तसं गडद होतं. एक दाणा चिमटीत दाबला. साल जाड, अख्खी सुटून आली, आणि आत पांढुरका, पिठूळ गर. कोवळा मटार शिजला की मऊ पडतो, असा पिठूळ होत नाही. हा वाळलेला वाटाणा होता, भिजवून, रंगवून डब्यात भरलेला. लेबलवर चित्र मात्र शेंगेतून बाहेर पडणाऱ्या कोवळ्या दाण्यांचं. पाणी निथळून दाणे माझ्याच काट्यावर टाकले. निथळलेलं वजन 450 ग्रॅम छापलं होतं, भरलं 370. रंग घातल्याची कुठेही नोंद नव्हती. लेबलचा एक कोपरा उचकटला होता, तो नखाने ओढला तर खाली दुसरं लेबल निघालं. त्यावरची तारीख आदल्या वर्षाची होती.

मी एजन्सीला फोन लावला. संध्याकाळी त्यांचा माणूस आला. पोरगा चांगला होता, त्याच्यावर माझा राग नाही. म्हणाला, "काका, कशाला वाढवताय? सगळा माल बदलून देतो, वर दोन पेट्या स्कीममध्ये टाकतो. कंपनीनेच सांगितलंय." मी हो म्हणालो. लग्नसराईचे दिवस, दुकानात गर्दी, आणि गिऱ्हाइकाचे पैसे परत करायचे होते. 22 डबे त्याच्या गाडीत चढवले आणि विषय संपला असं समजलो. एकच केलं. फोडलेल्या डब्यावरचा बॅच नंबर आणि उत्पादकाचा 14 आकडी लायसन्स नंबर बिलाच्या मागे पेनाने लिहून ठेवला.

तीन आठवड्यांनी एका नातलगाकडे चंदगड तालुक्यात निघालो होतो. बाची ओलांडली की शिनोळी, म्हणजे महाराष्ट्र. त्याच्याही पुढे एका गावात पाण्याची बाटली घ्यायला थांबलो. दुकान छोटं, फळीवर मोजक्या वस्तू, आणि त्यात तेच डबे. नंबर माझ्या डोक्यात पक्का बसला होता, तरी खात्रीसाठी डबा उलटा करून पाहिला. तोच बॅच. दुकानदार बाई म्हणाल्या, "स्वस्तात मिळालेत, स्कीम होती." मी परत दिलेला माल नष्ट झाला नव्हता. जिथे कुणी विचारणार नाही अशा फळीवर तो जाऊन बसला होता.

फळीवर 7 डबे उरले होते. ते सगळे मी विकत घेतले, त्यांना कारण सांगितलं, आणि घरी आणून परसात खड्डा काढून ओतून टाकले. तेव्हा वाटलं, बरं केलं. आज वाटतं, पुरावा मीच मातीत घातला. आणि त्या 7 च्या आधी जे विकले गेले ते कुणाच्या घरी गेले, कुठल्या पोराच्या ताटात पडले, हे मला कधीच कळणार नाही. हे माझ्या मनातून जात नाही.

बदलीचा माल देणं हा उत्पादकाचा सगळ्यात स्वस्त सौदा आहे. दुकानदार गप्प, आचारी गप्प, आणि नासका बॅच पुढच्या तालुक्यात. आमच्याकडे तर तालुका ओलांडताना राज्यच बदलतं. बेळगावचा कोबी, बीन्स, गाजर चोर्ला घाटाने गोव्यात उतरतं, चंदगडची माणसं बाजाराला बेळगावात येतात, निपाणीपलीकडे कोगनोळीचा नाका ओलांडला की कागल. माल फिरतो, माणसं फिरतात. फाईल मात्र सीमेवर थांबते. म्हणून हे पत्र तिघांच्या नावे आहे.

पाण्याला रंग सुटला म्हणजे गुन्हा शाबीत झाला असं होत नाही, हे मला कळतं. हवाबंद डब्यातल्या मटाराला ठरावीक रंग ठरावीक मर्यादेत घालायला आपल्या नियमांत मुभा आहे, मात्र तो लेबलवर सांगावा लागतो. टार्ट्राझिन आणि ब्रिलियंट ब्लू मिसळले की हिरवा होतो, हे दोन्ही परवानगीच्या 8 कृत्रिम रंगांत आहेत. मॅलाकाइट ग्रीन नाही. तो कापड रंगवायचा रंग, अन्नात त्याला जागाच नाही. ग्लासभर पाण्यात मटार अर्धा तास ठेवला तर रंग सुटतो का ते मला दिसेल, पण तो कुठला रंग हे प्रयोगशाळाच सांगू शकते. तेवढ्यासाठीच तुमची गरज आहे.

हा रंग घालावा का लागतो, हेही गिऱ्हाइकांना कुणी सांगत नाही. मटार डब्यात टिकवायचा तर डबा बंद करून मोठ्या दाबाच्या भांड्यात, म्हणजे रिटॉर्टमध्ये, जोरात तापवावा लागतो. त्या उष्णतेने दाण्यातल्या हरितद्रव्यातलं मॅग्नेशियम सुटतं आणि हिरवा रंग मावळून शेवाळी, खाकीकडे झुकतो. प्रामाणिक डब्यातला मटार दिसायला मळकटच असतो. आम्हा विकणाऱ्यांना आणि तुम्हा खाणाऱ्यांना तो तसा चालत नाही, पुलावात पोपटी दाणा दिसला पाहिजे. या हट्टावर भेसळवाल्याचा धंदा चालतो. माझ्या दुकानात आता मी मळकट मटारच समोर ठेवतो आणि का ते सांगतो. काही जण ऐकतात.

रंगापेक्षाही मला जास्त भीती दुसऱ्या गोष्टीची वाटते. लोणचं आंबटामुळे टिकतं. मटार, मशरूम, कॉर्न यांत आंबटपणा नाही आणि बंद डब्यात हवा नाही. क्लॉस्ट्रिडियम बोटुलिनम नावाच्या जंतूला हीच जागा लागते. त्याचं विष नसांवर जातं, श्वास थांबवू शकतं. साध्या उकळीने त्याचे बीजाणू मरत नाहीत, म्हणून दाबाखाली 121 अंशांपर्यंत तापवायचं, ठरलेला वेळ पूर्ण द्यायचा, हे डबाबंद भाजीचं पहिलं शास्त्र. आता सांगा, जो माणूस जुन्या तारखेवर नवं लेबल चिकटवतो, तो डिझेल वाचवायला रिटॉर्टची दहा मिनिटं कमी करत नसेल यावर मी कशाच्या जोरावर विश्वास ठेवू? लेबलातली लबाडी ही नुसती कागदाची लबाडी नसते. आतल्या कामाची लक्षणं बाहेर दिसतात.

वडिलांच्या वेळी 1954 चा भेसळ प्रतिबंधक कायदा होता. भेसळ म्हटलं की निदान सहा महिने, ही धास्ती बाजारात होती. वडील प्रत्येक पक्कं बिल तारेत ओवून भिंतीला टांगायचे, वर्षवर्षभर काढायचे नाहीत. म्हणायचे, हे बिल म्हणजे आपली ढाल. त्या काळी त्रास छोट्या दुकानदारालाच जास्त झाला हे खरं आहे, त्या दिवसांत परत जावं असं मी म्हणत नाही. 2006 चा अन्न सुरक्षा व मानके कायदा ऑगस्ट 2011 मध्ये लागू झाला आणि त्याने बरंचसं शहाणपणाने वेगळं केलं. कमी दर्जाचं अन्न, मिथ्याछाप अन्न, म्हणजे लेबलवर खोटं सांगणारं, यांना दंड. असुरक्षित अन्नाला तुरुंग. खाणारा मेला तर कमीत कमी सात वर्षं, जन्मठेपेपर्यंत. विक्रेत्याकडे पक्कं बिल असेल, त्याने डबा आला तसाच विकला असेल, तर कायदा त्याचं ऐकून घेतो आणि बोट बनवणाऱ्याकडे वळतं. बिल हीच लेखी हमी धरली जाते. वडिलांची तार कायद्यातही बसली, असं मी समजतो.

पण अडचण तिथेच आहे. रंगाचं प्रकरण 'मिथ्याछाप' किंवा 'कमी दर्जा' या खान्यात टाकलं की ते अतिरिक्त जिल्हाधिकाऱ्यांपुढे दंडावर मिटतं. लाखोंचा धंदा करणाऱ्याला दंड हा खर्चातला एक रकाना आहे. कुणाला इजा झाल्याचं दिसत नसेल तर असुरक्षित अन्नाची कैद 2023 च्या जनविश्वास कायद्याने सहा महिन्यांवरून तीन महिन्यांवर आणली आणि दंडाची मर्यादा एक लाखावरून तीन लाख केली. कैद कमी झाली म्हणून दुःख करत बसत नाही. तीन महिने तर तीन महिने, पण त्याचं नाव आरोपी म्हणून पुकारलं गेलं पाहिजे. धंदेवाल्याला मी चांगला ओळखतो, मीही धंदेवाला आहे. दंडाची पावती फाईलला लागते. कोर्टाच्या तारखा घरात सगळ्यांना कळतात, बँकेला कळतात, सोयरिकीला कळतात.

आणि हे काम दुसरं कुणी करू शकत नाही. पोलिसांत जा, असं मला अनेकांनी सुचवलं. फेब्रुवारी 2024 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने उत्तर प्रदेशातल्या एका प्रकरणात स्पष्ट केलं की असुरक्षित अन्नाच्या बाबतीत अन्न सुरक्षा कायदाच वरचढ आहे, त्याच गुन्ह्यासाठी तेव्हाच्या भारतीय दंड संहितेची भेसळीची कलमं सोबत लावता येत नाहीत. म्हणजे दार एकच उरलं, आणि त्याची किल्ली तुमच्याकडे. कैदेच्या खटल्याला मंजुरी तुम्हीच द्यायची. तीही वेळेत, कारण गुन्ह्याला एक वर्ष झालं की कोर्ट दखल घेत नाही. फार तर लेखी कारण देऊन तुम्ही ती मुदत तीन वर्षांपर्यंत वाढवू शकता. नमुना तपासणाऱ्या अन्न विश्लेषकाला अहवालासाठी 14 दिवस, त्यावर अपिलाला 30 दिवस, मग वरच्या प्रयोगशाळेचा वेळ, मग शिफारस. आमच्या राज्यात म्हैसूरला सीएफटीआरआयसारखी अन्न तंत्रज्ञानावर संशोधन करणारी केंद्रीय संस्था 1950 पासून आहे. तपासणीची अक्कल आपल्याकडे आहे. वर्ष टेबलाटेबलांवर सरू नये, इतकीच विनंती.

नमुना घेतानाही बघा. सीलबंद डब्याचा नमुना चार भागांत घ्यायचा तर एकाच बॅचचे पुरेसे डबे लागतात. तक्रार येईपर्यंत दुकानात दोन डबे उरलेले असतात. म्हणून दुकानात आलात तर त्याच दिवशी बिलाच्या मागोमाग एजन्सीच्या गोदामात जा, आणि तिथून पॅकिंगच्या जागेवर. माल सीमेपलीकडे गेला असेल तर पलीकडच्या अधिकाऱ्याला बॅच नंबर त्याच संध्याकाळी कळवा. दुसऱ्या दिवशी उशीर झालेला असतो, हे मी डोळ्यांनी पाहिलंय. माल परत मागवायची सक्ती कायद्यात आहे. परत आलेल्या मालाचं काय झालं, किती डबे मोजून नष्ट केले, त्याचा पंचनामा जाहीर करा. आणि खटल्यात रोजंदारीवरच्या सुपरवायझरला पुढे करू देऊ नका. जबाबदार भागीदार, संचालक, त्यांची नावं लावा. कंपनीच्या गुन्ह्यासाठी वेगळं कलम आहे ते यासाठीच.

मार्च 2024 मध्ये कर्नाटक सरकारने गोबी मंचुरी आणि कॉटन कँडीतल्या कृत्रिम रंगांवर बंदी घातली. चांगलं केलं. आमच्याकडे संध्याकाळी गाड्यावर लाल मंचुरी खायला पोरं झुंबड करतात, त्यांच्या आयांना हायसं वाटलं. पण गाडेवाल्याची कढई रस्त्यावर असते म्हणून ती दिसते. डबा भिंतीआड भरला जातो, सील होऊन येतो, त्यावर चित्र असतं, म्हणून त्याच्याकडे संशयाने कुणी पाहत नाही. आमच्या आई तर अजून म्हणते, "कंपनीचं आहे, चांगलंच असणार." तिच्या या विश्वासाशी कुणी खेळावं आणि त्याचं काही होऊ नये?

इथे एक सांगितलं पाहिजे. सीमाभागात कितीतरी बायका बचत गटांतून चटण्या, पापड, लोणची करतात. कुणाचा एखादा शब्द लेबलवर चुकतो, कुणाची तारीख पुसट उठते. कारवाईचा आकडा भरायला त्यांना पकडू नका. त्यांना समजावा, सुधारायला वेळ द्या. चूक आणि डाव यांतला फरक तुमच्या अधिकाऱ्यांना निश्चित कळतो. आणि चोख काम कसं असतं हे लांब जाऊन बघायला नको, आपल्याच कर्नाटकातली छोटी काकडी, घर्किन, मिठाच्या-व्हिनेगरच्या पाण्यात बंद होऊन युरोप-अमेरिकेला जाते. तिथे खोट निघाली तर माल नाकारला जातो हे माहीत असल्यामुळे इथे प्रत्येक बॅचची नोंद राहते. येळ्ळूरच्या पंगतीतल्या माणसालाही तेवढाच मान मिळावा.

भाषेचा वाद या पत्रात आणत नाही. फक्त इतकंच, धोकादायक बॅचची सूचना काढाल तेव्हा ती कन्नडबरोबर मराठीतही काढा. 15 टक्क्यांहून जास्त भाषिक अल्पसंख्याक असलेल्या भागात महत्त्वाच्या सूचना त्यांच्या भाषेत द्याव्यात असं धोरणच आहे. डबा घरात उघडायच्या आधी सूचना वाचता आली पाहिजे.

आचारी आणि खानावळवाल्या बंधुभगिनींनाही याच पत्रात सांगतो. अन्न सुरक्षा कायद्याच्या कलम 40 प्रमाणे खरेदी करणाऱ्या कुणालाही फी भरून अन्न विश्लेषकाकडून माल तपासून घेता येतो. फक्त विकत घेतानाच विक्रेत्याला तसं सांगावं लागतं. दोष निघाला तर फी परत मिळते, आणि अहवाल खटल्याच्या कारवाईसाठी अधिकाऱ्याकडे जातो. माझ्या दुकानात येऊन तुम्ही खुशाल तसं सांगा. मी वाईट वाटून घेणार नाही.

आता यंदाचं. मे महिन्यात दुसऱ्या एजन्सीकडून नव्या नावाचा मटार आला. लेबल नवं, रंग नवा, चित्र नवं. मी सवयीने डबा फिरवून 14 आकडी नंबर पाहिला आणि आत जाऊन तारेतलं दोन वर्षांपूर्वीचं बिल काढलं. मागे माझ्याच अक्षरात लिहिलेला नंबर, तोच. एक डबा फोडून पाहिला, पाणी तसंच. त्याच क्षणी विक्री थांबवली. एजन्सीने याही वेळी बदलून द्यायची तयारी दाखवली, मी नाही म्हणालो.

उत्पादकाचं नाव इथे लिहीत नाही. प्रयोगशाळेचा अहवाल यायच्या आधी कुणाला दोषी म्हणणं बरोबर नाही, आणि नाव फुटलं तर गोदाम रात्रीत रिकामं होईल. तुमच्या कार्यालयांना पाठवलेल्या प्रतींवर माझं नाव, पत्ता, सही आहे, दोन्ही बिलांच्या झेरॉक्स जोडल्या आहेत. नमुना माझ्या दुकानातून घेतला तर कागदावर पहिलं नाव विक्रेता म्हणून माझंच लागेल. लागू दे.

एकाच बॅचचे 23 डबे सीलबंद आहेत. विक्रीच्या मालापासून वेगळे, आतल्या खोलीत वरच्या फळीवर, पेटीवर तारीख घालून ठेवलेत. दुकान सकाळी 8 ला उघडतं. मी नसलो तर मुलाला सांगून ठेवलंय, तो पेटी खाली काढून देईल.

आपला नम्र,
शहापूर, बेळगाव येथील एक किराणा दुकानदार